भैरव आहे, झोपा

सुदर्शनराव गाडेकरांचा असा ठाम सिद्धांत होता की जी गोष्ट मोजता येत नाही, ती मुळात नसतेच. वाळूजच्या एका कारखान्यात ते क्वालिटी विभागात होते. दिवसभर बेअरिंगच्या कड्या मापायच्या आणि केसाइतका जरी फरक निघाला तरी कडी लाल ट्रेमध्ये टाकायची, हे त्यांचं काम. घरातही ते त्याच नजरेनं वावरत. पोळी वाकडी झाली तर बोलत नसत. नुसती फिरवून बघत.

अशा माणसाच्या मुलीनं अकरावीला संगीत हा विषय घेतला.

"विषय म्हणून?" सुदर्शनरावांनी विचारलं.

"हो पप्पा. पुस्तक आहे, लेखी पेपर आहे, प्रॅक्टिकल आहे."

"प्रॅक्टिकलला काय करतात?"

"गातात."

सुदर्शनरावांनी बायकोकडं पाहिलं. दीपमाला मेथी निवडत होती, आणि मेथी निवडताना ती कोणाचीच बाजू घेत नसे. शेवटी तह झाला. राजनंदिनीनं संगीत घ्यावं. बारावीच्या प्रॅक्टिकलला ती खरंच चांगली गायली, तर पुढं बी.ए.सुद्धा संगीतातच. नाही तर गुमान औरंगपुऱ्यातला तलाठी भरतीचा क्लास. क्लासचं माहितीपत्रक सुदर्शनरावांनी त्याच दिवशी आणून टीव्हीवर उभं करून ठेवलं. तलाठ्याकडं निदान मोजायला जमीन तरी असते, असं त्यांचं म्हणणं होतं.

मग त्यांनी मुलीच्या अभ्यासावर देखरेख सुरू केली.

"अभ्यास झाला?"

"झाला."

"दाखव."

राजनंदिनी गाऊन दाखवी. सुदर्शनराव पूर्ण ऐकून घेत आणि विचारत, "हे बरोबर आहे कशावरून?"

"ऐकून कळतं."

"कोणाला?"

"ज्याला कळतं त्याला."

कारखान्यात असं उत्तर देणाऱ्याला त्यांनी मेमो दिला असता. पण ते चिकाटीचे. एकदा ती भैरव राग बसवत होती, तेव्हा ते वही-पेन घेऊन शेजारी बसले.

"यात रिषभ कोमल असतो, पप्पा. म्हणजे जरासा खाली. आणि तो ताठ नाही ठेवायचा, हलता ठेवायचा."

"जरासा म्हणजे किती?"

"जरासा."

"टॉलरन्स काय आहे त्याला? किती फरक चालतो?"

राजनंदिनीनं बराच विचार केला. "करुणा मॅडमचा चेहरा," ती म्हणाली.

करुणा मॅडम म्हणजे कॉलेजातल्या संगीताच्या बाई. सुदर्शनरावांनी वही मिटली.

आता गल्लीच्या पाण्याबद्दल सांगायला पाहिजे. आमच्या शहरातल्या वाचकानं हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल. त्याला तो तोंडपाठ आहे. सिडकोतल्या त्या गल्लीत नळाला पाणी रोज येत नाही. पाळी असते. ती साधारण ठरलेली असते, आणि त्या साधारणमध्येच सगळं शहर राहतं. कुठं जलवाहिनी फुटली, कुठं लाइट गेली, की पाळी पुढं सरकते. आल्यावर पाणी सगळ्यांचं नसतं. ज्याची मोटार आधी लागली त्याची टाकी भरते, आणि ज्याची शेवटी लागली त्याला हवा मिळते. त्यामुळं नळ उघडून खात्री करत बसणं म्हणजे शेजाऱ्याची टाकी भरून देणं. इशारा मिळाला की आधी बटण दाबायचं.

हा इशारा बरीच वर्षं दीपमालाला सगळ्यांत आधी मिळायचा. ती रात्री अंगणातला नळ उघडा ठेवी आणि त्याच्याखाली मोठं स्टीलचं भगुनं पालथं घाली. पहिलं पाणी भगुन्यावर ताडताड वाजलं की उठे, मोटार लावी आणि राजनंदिनीला पाइप धरायला गच्चीवर पाठवी.

"भैरव पहाटे गावा असं मॅडम म्हणतात, पण उठवतच नाही," राजनंदिनी एकदा पाइप धरून कुरकुरली.

"आता उठलीच आहेस की," खालून दीपमाला म्हणाली. "गा."

ती गायला लागली. डाव्या हातात पाइप, पाइपच्या तोंडावर अंगठा, शेजारी टाकी आणि खाली मोटारीची घूंऽऽ. मोटार एका सुरात घुमायची, तोच तिनं सा धरला. काही दिवसांनी करुणा मॅडमनी वर्गात सगळ्यांसमोर विचारलं, "तुझा सा एकदम इतका पक्का कसा झाला? घरी तानपुरा घेतला का?"

"अर्ध्या हॉर्सपॉवरचा आहे, मॅडम," राजनंदिनी म्हणाली.

इकडं गल्लीला शोध लागला, की गाडेकरांची पोरगी गायली की नळाला पाणी असतं. कधी चुकत नाही. समोरचे आप्पासाहेब एसटीच्या डेपोत गाड्यांची घोषणा करता करता निवृत्त झालेले. गल्लीचा 'नळ आला का' नावाचा व्हॉट्सॲप गट तेच चालवत. कोणी विचारलं, "पाणी आलं काय?" की ते लिहीत, "गाडेकरांची मुलगी अजून गायली नाही." गच्चीवरून पहिला आलाप निघाला की गल्लीत खटाखट बटणं पडत. सुदर्शनरावांना आतून बरं वाटू लागलं. संगीताचा काहीतरी उपयोग निघाला होता, आणि तो लिटरमध्ये मोजता येत होता.

मग थंडी आली, प्रॅक्टिकल जवळ आलं, आणि करुणा मॅडमनी सांगितलं, आता भैरव रोज पहाटे. राजनंदिनीनं गजर लावला आणि एका कोरड्याठाक पहाटे गच्चीवर जाऊन डोळे मिटून सा लावला.

गल्लीनं बटणं दाबली.

कोरडी मोटार आधी गरम होते, मग तिचा वास येतो, आणि मग ती शांत होते. त्या दिवशी बऱ्याच जणांच्या मोटारी नुसत्या गरम झाल्या. आप्पासाहेबांची शांत झाली. उजाडता उजाडता गल्ली गाडेकरांच्या दारात उभी होती.

"गाडेकर," आप्पासाहेब म्हणाले, "पोरगी खोटं गाती."

सुदर्शनराव दचकले. शेवटी कोणीतरी मोजलं, असं त्यांना वाटलं. "खोटं म्हणजे?"

"पाणी नसताना गाती."

"माझ्या नळातून नुसती हवा," शेजारच्या मोनालीताई म्हणाल्या. "फू फू करू राहिला. मी उगंच बादल्या मांडून बसले."

"अहो पण तिची परीक्षा आहे," दीपमाला म्हणाली.

"असूंद्या की वहिनी. परीक्षेला आमचं काय म्हणणं नाय. पण गाण्याला काही जबाबदारी असती का नाय? मी माझ्या नोकरीत येणारच नाही अशी गाडी कधी पुकारली नाय."

"मग आता काय करायचं म्हणता?"

"परीक्षेपुरतं गाणं बंद ठेवा," आप्पासाहेब म्हणाले, आणि आपण वावगं बोललो हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

सुदर्शनरावांनी मागं पाहिलं. आतल्या खोलीच्या पडद्याखाली राजनंदिनीची पावलं दिसत होती. पावलांची बोटं आत वळलेली होती. लहानपणी मार खायच्या आधी ती अशीच वळायची, आणि मग सुदर्शनरावांचा हात उठायचा नाही.

"गाणं बंद होणार नाही," ते म्हणाले. हे वाक्य आपल्याच तोंडून निघालंय, हे समजायला त्यांना क्षण लागला. मग त्यांनी ते क्वालिटी विभागाच्या भाषेत नेऊन सावरलं. "मोजमापाचं यंत्र चांगलं आहे. सिग्नल बदलावा लागेल. रोज भैरव. भैरव ऐकू आला तर तो अभ्यास, त्याकडं लक्ष द्यायचं नाही. पाणी आलं तर ती दुसरं काहीतरी गाईल."

"दुसरं काय?"

पडद्यामागून आवाज आला, "दुर्गा. आमच्या परीक्षेला तोही आहे."

सुदर्शनरावांनी करुणा मॅडमना फोन करून रीतसर परवानगी मागितली.

"गाडेकर साहेब, दुर्गा रात्रीचा राग आहे," मॅडम म्हणाल्या. "पहाटे गात नाहीत."

"मॅडम, आमच्याकडं पाणीसुद्धा वेळ बघून येत नाही."

मॅडम हडकोत राहत, आणि तिथल्या नळांचीही हीच तऱ्हा होती. "हां, तेही खरंच," त्या म्हणाल्या.

रविवारी आप्पासाहेबांच्या ओट्यावर गल्लीचं प्रशिक्षण झालं. राजनंदिनीनं आधी भैरव म्हटला, मग दुर्गा.

"पहिल्यात पोरगी उदास हाय," आप्पासाहेबांनी निदान केलं. "दुसऱ्यात खूश हाय."

"उदास नाही काका. गंभीर आहे."

"पाणी न आल्यावर माणूस गंभीरच होतो. राहील ध्यानात."

मग परीक्षा घेतली. राजनंदिनीनं पाठ फिरवून एकेक तुकडा म्हणायचा आणि गल्लीनं ओळखायचा. मोनालीताईंनी पटापट ओळखले. त्यांचा नवरा अभय वायरमन होता, त्यानंही ओळखले. तंबाखू मळता मळता आप्पासाहेबांनी ओळखले. प्रशिक्षण ज्यांनी ठेवलं होतं, ते सुदर्शनराव तेवढे प्रत्येक वेळी चुकले.

"पप्पा, हा भैरव होता."

"मला वाटलं, ही खूश आहे."

"गाडेकर, तुम्ही आपले नळच उघडून बघत जा," आप्पासाहेब मायेनं म्हणाले.

ही गोष्ट सुदर्शनरावांना लागली. त्यांच्या हातून बेअरिंगची एक कडी चुकीची गेली नव्हती, आणि इथं स्वतःच्या पोरीचं गाणं लाल ट्रेत टाकायचं की हिरव्या, हे कळत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ते पहाटे उठू लागले. गच्चीवर जात नसत. जिन्याच्या मधल्या पायरीवर शाल गुंडाळून बसत, वरून दिसणार नाही असे. दीपमाला चहाचा कप पायरीवर ठेवून जाई.

आधी त्यांना नुसता आवाज ऐकू आला. पुष्कळ दिवसांनी आवाजात एक जागा ऐकू आली, जिथं सूर उभा न राहता हलत होता. पाण्यानं काठोकाठ भरलेलं भगुनं उचलल्यावर हलतं तसा, पण थेंब न सांडता. हा तो रिषभ असावा, असं त्यांना वाटलं. कोणाला विचारायची सोय नव्हती. ते कप घेऊन खाली आले आणि कामावर गेले. त्या दिवशी कडी मापताना त्यांचा हात उगाच मधेच थांबत होता.

गल्ली तर केव्हाच तयार झाली होती. रोज पहाटे गटावर आप्पासाहेबांचा संदेश येई, "भैरव आहे. झोपा." पुढं पुढं त्यात भर पडू लागली. "भैरव आहे. झोपा. काल सर्दी होती, आज आवाज मोकळा आहे." पाण्याच्या दिवशी नुसतंच "दुर्गा" आणि मग सगळीकडं घूंऽऽ.

प्रॅक्टिकलचा दिवस उजाडला तेव्हा पाण्याची पाळी टळून बरेच दिवस झाले होते. गल्लीतल्या टाक्यांचे तळ दिसत होते आणि माणसं भांड्याचा आवाज झाला तरी नळाकडं बघत होती. कॉलेज गल्लीच्या मागच्याच बाजूला. मधल्या भिंतीला जुनं भगदाड आहे, त्यातून गेलं की संगीताच्या वर्गाचा व्हरांडा. सुदर्शनरावांनी रजा टाकली होती.

"बाहेर बाकावर बसा," दीपमालानं बजावलं. "आत डोकावू नका. तुमचं तोंड बघून पोरगी बेसूर व्हायची."

नांदेडहून आलेल्या परीक्षक बाई वयस्कर, करारी होत्या. त्या हसल्या की नाही, हे त्यांच्या चष्म्यामुळं कळत नव्हतं. दाराच्या फटीतून सुदर्शनरावांना विजेच्या तानपुऱ्याचा लाल दिवा आणि मुलीची वेणी तेवढी दिसत होती. तिनं भैरव सुरू केला. सुदर्शनराव बाकाची कड धरून बसले. तो रिषभ आला, हलला आणि न सांडता खाली गेला. त्यांनी डोळे मिटले. टीव्हीवर उभं असलेलं माहितीपत्रक त्यांना उगाचच दिसलं.

"छान," आतून परीक्षक बाईंचा आवाज आला. "आता दुर्गा ऐकव."

राजनंदिनीनं सा लावला, दोन सूर वर गेली आणि वळून खाली आली.

पुढचं जे झालं ते सुदर्शनरावांच्या पायांनी केलं. डोक्याला कोणी विचारलंच नाही. ते बाकावरून उठले, व्हरांड्यातून उडी मारून भगदाडातून पलीकडं गेले आणि घराच्या दिशेनं धावत सुटले. एक चप्पल भगदाडातच राहिली.

आप्पासाहेब ओट्यावर पेपर वाचत होते. "गाडेकर, काय झालं? पोरगी बरी हाय ना?"

"दुर्गा," धावता धावता सुदर्शनराव म्हणाले.

आप्पासाहेब पेपर टाकून उभे राहिले आणि डेपोतल्या आवाजात त्यांनी पुकारलं, "दुर्गाऽऽ. दुर्गा लागला होऽऽ."

दिवसाढवळ्या, इतके दिवस वाट पाहून लागलेला दुर्गा. गल्लीनं एकाच क्षणी बटणं दाबली. सगळ्या मोटारी एकदम घुमल्या आणि कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीत फाट्कन आवाज झाला. गल्लीची लाइट गेली. त्याच डीपीवर कॉलेजही होतं.

सुदर्शनराव तोपर्यंत गच्चीवर पोचून पाइप टाकीत धरून उभे होते. सगळं शांत झालं. आणि त्या शांततेत भिंतीपलीकडून गाणं ऐकू आलं.

तानपुरा बंद पडला होता. अंधारल्या वर्गात तबला दचकून थांबला होता. ती एकटी गात होती. आवाज भिंत ओलांडून गल्लीत येत होता, मधे ना मोटार ना मिक्सर. खाली आप्पासाहेबांनी हात वर केला, गाडी थांबवतात तसा.

"बटणं बंद करा रे सगळी," ते हळू आवाजात म्हणाले. "लाइट आली तर मोटारी बोंबलतील. पोरगी गाऊ राहिली."

घराघरात बटणं बंद झाली. अभय पक्कड घेऊन डीपीकडं गेला. मोनालीताई बादली घेऊन जिथं उभ्या होत्या तिथंच उभ्या राहिल्या.

दीपमाला धापा टाकत गच्चीवर आली. "अहो, तुम्ही परीक्षेला गेले होते ना? इथं काय करू राहिले?"

"पाणी..." सुदर्शनराव म्हणाले.

"नळ कोरडा आहे."

"दुर्गा लागला होता."

दीपमाला त्यांच्याकडं बघत राहिली. एका पायात चप्पल, हातात पाइप, पाइपच्या तोंडावर अंगठा. "तुम्हाला कळला?"

सुदर्शनरावांनी पाइप टाकीतून बाहेर काढला. त्यातून एक थेंबही पडला नाही. "कळला," ते म्हणाले. नजर मात्र त्यांनी टाकीकडंच ठेवली.

पुढचं करुणा मॅडमनी संध्याकाळी घरी येऊन सांगितलं. ती दुर्गा गात असतानाच लाइट परत आली आणि तानपुरा आपोआप सुरू झाला. पण तो आता सुरू झाला असं कोणाला वाटलंच नाही. सा जिथं होता तिथंच होता.

"फरक किती पडला होता?" सुदर्शनरावांनी विचारलं.

"नव्हताच."

"शून्य?"

"शून्य."

सुदर्शनरावांनी आपल्या नोकरीत शून्य फरकाची कडी अजून पाहिली नव्हती.

"बाईंनी दोनच प्रश्न विचारले," राजनंदिनी म्हणाली. "एक, तुझा डावा अंगठा असा का धरतेस. म्हटलं, सवय आहे, पाइपची. दुसरा, तो बाकावरचा माणूस उठून का पळाला. मी काय इतकी भयंकर दिसते?"

"मग? काय सांगितलं?"

"म्हटलं, माझे पप्पा आहेत. त्यांनी राग ओळखला."

"यावर काय म्हणाल्या?"

उत्तर मॅडमनी दिलं. "म्हणाल्या, जन्मभर मी पोरांना राग ओळखायला सांगत आले, पण ओळखून कोणी जागचं हललेलं पाहिलं नव्हतं."

मार्क लागायला अजून पुष्कळ वेळ होता. सुदर्शनरावांनी वाट पाहिली नाही. त्यांनी टीव्हीवरचं तलाठी भरतीचं माहितीपत्रक घेतलं, त्याच्या नीट घड्या घातल्या आणि अंगणातल्या मोटारीच्या एका पायाखाली सरकवलं. त्या पायाला फट होती, त्यामुळं मोटार घुमताना थरथरायची. "आता सूर हलणार नाही," ते म्हणाले. राजनंदिनीनं त्यांच्या हातावरचं ग्रीस आपल्या ओढणीला पुसलं. ओढणी नवी होती. दीपमालानं पाहिलं, पण त्या दिवशी चालवून घेतलं.

तिनं खीर केली. गल्ली सगळी येणार म्हणून मोठं भांडं लागणार होतं, तेव्हा नळाखालचं भगुनं घासून चुलीवर चढवलं. आप्पासाहेबांनी दोनदा वाढून घेतली. जाताना ते सुदर्शनरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गाडेकर, पोरीला उद्या झोपू द्या. दमली असंल."

सुदर्शनरावांनी गजर बंद केला. खिरीचं भगुनं रात्री मोरीतच राहिलं.

पहाटे सवयीनं आप्पासाहेब उठले, खिडकीत कान देऊन बसले आणि त्यांनी गटावर लिहिलं, "काहीच नाही. झोपा."

पाणी आलं होतं. तासभर होतं, मग गेलं.